चेअरमनचं इंग्रजी

बहात्तरच्या दुष्काळात एका परदेशी संस्थेनं गावाला पाण्याचा टँकर दिला, आणि पाणी घरोघर पोचतं का हे बघायला त्यांचा गोरा साहेब आला. गावात इंग्रजी येत होतं एकट्या सोसायटीच्या चेअरमनला, आण्णासाहेबाला; आणि टँकरही त्याच्याच ताब्यात. म्हणजे गाऱ्हाणं ज्याच्याबद्दल, सांगायचं त्याच्याच तोंडून.

बौद्धवाड्यातली चांगुणा रिकामी घागर घेऊनच पुढं झाली. "सायेब, तुमचा टँकर आमच्याकडं एकदाबी आला न्हाय!"

आण्णासाहेबानं इंग्रजी झाडलं. साहेब हसून म्हणाला, "गुड, गुड!"

चांगुणाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं तेच पुन्हा ओरडून सांगितलं. साहेबानं टाळ्या वाजवल्या.

"बोल की अजून," आण्णासाहेब दात विचकत तिला म्हणाला. "तुझं बोलणं माझ्याच तोंडातून जायचं हाय."

चांगुणानं घागर खाली ठेवली आणि साहेबाला हात जोडले. "चेअरमन लई देवमाणूस, सायेब. एवढ्या दुष्काळात त्यांची मोसंबीची बाग हिरवीगार हाय. एकदा बघूनच जावा!"

आण्णासाहेबाची छाती फुगली. हे मात्र त्यानं शब्दन् शब्द सांगितलं, वर चार शब्द पदरचे घातले आणि साहेबाला घेऊन ऐटीत बागेकडं निघाला. मागं सगळं गाव.



बागेतल्या चिखलात टँकरच्या चाकांचे ताजे माग बघून साहेबाच्या तोंडून जी शिवी निघाली, ती गावाला दुभाष्याशिवाय कळली.