इंदुमतीबाईंचा ळ

सकाळपासून नीळकंठरावांनी संगणकावर ते एकच पान पंचवीसदा तरी उघडलं होतं. पास्कल या संगणकाच्या भाषेची नवी आवृत्ती नव्या चिपवर चालणार का, ते आज कळायचं होतं.

इंदुमतीबाई ज्यातून बोलत, त्या गळ्यातल्या यंत्राची जुनी चिप मधूनच बंद पडू लागली होती. अकरा वाजता दवाखान्यात नवी बसणार होती. बाईंचा आवाज नीळकंठरावांनी स्वतः पास्कलमध्ये लिहिला होता. तो नव्या चिपवर चालला नाही, तर कंपनीचा तयार आवाज घ्यावा लागणार होता. त्या आवाजाला 'ळ' येत नव्हता.

"डाळीला डाल म्हणावं लागेल तुला," ते म्हणाले.

"डालीचीही आमटीच होते. चला, रिक्षा आली."

त्यांनी पान पुन्हा उघडलं. 'नव्या चिपची सोय पुढच्या वर्षी.'

"चुकलंच माझं," ते पुटपुटले. "दुसऱ्या एखाद्या भाषेत लिहायला हवं होतं."

लग्नापासून त्यांना फक्त 'अहो' म्हणत आलेल्या बाई दारातच थांबल्या.

"नीळकंठ," त्या स्पष्ट म्हणाल्या. "'ळ' आहे तोवर ऐकून घ्या. चला आता."