फेस

द्राक्षांच्या हंगामात वाइनरीच्या सांडपाण्याच्या टाकीतले घाण खाणारे जिवाणू मेले. टाकी सांभाळणाऱ्या मानसिंगनं गूळ घातला, शेणकाला ओतला, तरी पाणी मेलेलंच. घाण ओढ्याकडं निघाली, तेव्हा त्यानं लीलाबाईच्या काल दगावलेल्या म्हशीचं उरलेलं शेण आणून ओतलं.

दुपारी फेस आला. हवेचा पंप बंद होता, तरी फेस म्हशीच्या कुशीसारखा वरखाली होत होता.

लीलाबाई रेडकाला धरून आली. "आई गेल्यापास्नं थेंब घेत न्हाय. सारखं हिकडंच वढ घेतंय."

रेडकानं टाकीच्या कठड्यातून मान घालून डोळे मिटले.

"मागं वढा त्याला," मानसिंग म्हणाला.

तिनं दावं ओढलं. रेडकू हललं नाही. त्याच्या कोरड्या कपाळावरचे केस ओले झाले, चाटल्यासारखे एका बाजूला बसले. मग मानेवरचे.

लीलाबाईनं दावं सोडलं.