डाव्या हाताचा रूळ

हातोडी रुळाच्या तुकड्यावर पडली आणि आवाज खोलीभर घुमला.

"ऐकलंत?" इंजिनिअरसाहेब लवादबाईंकडे वळले. "खणखणीत वाजतोय. कुठं तडा नाही, काही नाही. आणि या रुळासाठी यानं लाल बावटा दाखवून जलद गाडी चाळीस मिनिटं उभी केली. पुरावा काय, तर म्हणे कानाला वेगळं लागलं!"

समोर चावीवाला बसला होता. रोज आठ किलोमीटर रुळांवरून चालायचं, रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या सैल झाल्या असतील तर ठोकायच्या आणि रूळ कसा वाजतो ते ऐकायचं, हे काम त्यानं एकोणीस वर्षं केलं होतं. तीन आठवड्यांपूर्वी त्याला काढून टाकलं. आज अपील फेटाळलं गेलं तर महिनाअखेरीला क्वार्टरही सोडावं लागणार होतं. मागच्या बाकावर त्याची बायको होती. निघताना तिनं बजावलं होतं, "विचारतील तेवढंच बोला. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं नको." म्हणून स्वारी सकाळपासून मिठाची गुळणी धरून बसली होती.

आणि ते फळत होतं. लवादबाईंचा कल त्याच्या बाजूनं दिसत होता. "सावधपणापायी माणूस चुकला, तर त्याची नोकरी घ्यायची का?" असं त्या मघाशीच म्हणाल्या होत्या. नुसती सही व्हायची बाकी होती.

"तुम्हीही एकदा वाजवून बघा," त्या त्याला म्हणाल्या.

त्यानं हातोडी घेतलीच नाही. तो वाकला आणि रुळाच्या वरच्या कडेवरून बोट फिरवलं. एक कड झिजून पातळ झाली होती.

"बाई, हा वळणावरचा बाहेरचा रूळ आहे. चाकं याच कडेला घासतात. तडा आतल्याला होता."

"मुकादमाला तूच डावा म्हणालास," साहेब उसळले. "डावाच काढून आणलाय."

चावीवाला उभा राहिला. बायको मागून मान हलवून 'नको, नको' करत होती. त्यानं डावा हात वर केला आणि जागच्या जागी पाठ फिरवली. हात आता दुसऱ्या बाजूला गेला होता.

"जाताना डावा तो हा. तडा ऐकला तेव्हा मी परतीच्या वाटेवर होतो. कोणत्या दिशेनं डावा ते सांगायचं, असा नियम आहे. मी नाही सांगितलं. चूक माझी, लिहून घ्या. पण तो रूळ अजून तिथंच आहे."

सगळ्यांच्या नजरा भिंतीवरच्या घड्याळाकडे गेल्या. बारा वीस. जलद गाडी बारा पस्तीसला त्या वळणावर यायची.

"अहो साहेब, बघत काय बसलात? फोन करा ना," बायकोच ओरडली.

साहेबांनी वळणाच्या अलीकडच्या स्टेशनला फोन लावला. "जलद गाडी आलीय का तुमच्याकडे? फलाटावरच धरून ठेवा. सोडायची नाही."

स्टेशनमास्तरचा आवाज खोलीत सगळ्यांना ऐकू आला. कारण काय लिहू, साहेब? पुरावा काय?

साहेबांनी टेबलावरच्या रुळाकडे पाहिलं, मग चावीवाल्याकडे.

"लिहा," ते म्हणाले, "चावीवाल्याच्या कानाला वेगळं लागलं."