फेक

गुरुजींनी 'सावधान' म्हटलं आणि मांडवभर अक्षता उडाल्या. नवरीच्या बापाची, अंकुश भोईटेची मूठ मात्र मिटलेलीच राहिली.

"टाक की रं," शेजारून त्याची थोरली बहीण, आक्का म्हणाली. "जन्मभर परदेशात बेसबॉल फेकलास, आन् लेकीच्या लग्नात हात आखडतोस व्हय?"

अंकुशने हात उचलला. पुढे काय करायचं ते हाताला कळेना. मूठ उघडली तेव्हा अक्षता त्याच्याच पायांवर सांडल्या.

निवृत्तीच्या दिवशी बेसबॉल क्लबने त्याची फेक मेंदूतून काढून घेतली होती. चेंडू फेकणाऱ्या सगळ्याच पिचरांची घेतात आणि नव्या खेळाडूच्या डोक्यात बसवतात. चेंडूची तेवढी जाईल, असं समजून अंकुशने सही केली होती. चेंडूची असो की अक्षतांची, मेंदूत फेक एकच असते, हे त्याला आता समजलं.

ती फेक मिळालेला हर्षल कडव लग्नाला आला होता. सांडलेल्या अक्षता पाहून तो जवळ आला आणि हळूच म्हणाला, "काका, शेवटचं मंगलाष्टक राहिलंय. मी टाकू?"

अंकुशने रिकामा हात पाठीमागे घेतला.

पुन्हा 'सावधान' झालं. हर्षलचं मनगट वळलं. अक्षता सगळ्यांच्या डोक्यांवरून गेल्या आणि नेमक्या नवरीच्या, रेवतीच्या भांगात पडल्या. ही फेक ती लहानपणापासून ओळखत होती. तिने वळून बापाकडे पाहिलं आणि हसली.

आक्का नवरीकडेच बघत होती. "आता कशी टाकलीस!" ती अंकुशला म्हणाली.

अंकुशने मान डोलावली, आणि सांडलेल्या अक्षता कुणाला दिसू नयेत म्हणून त्यांच्यावर पाय देऊन उभा राहिला.