बिनचाकी गाडी

"मग, आज देतोस की नाही?" डोनटचं गुलाबी खोकं टेबलावर आपटत डेल्बर्टने विचारलं.

"आधी बूड तरी टेक, लेका. कॉफी ओततो," वार्तान म्हणाला.

पासाडेनातल्या त्या घरात दर रविवारी हेच चालायचं. वार्तानचं ते तिकीट नावाजलेलं होतं. मंगळावरच्या यंत्रगाडीचं टपाल तिकीट, पण छापखान्याच्या चुकीने गाडीची चाकंच छापायची राहिलेली. असं तिकीट जगात एकच. आणि गंमत बघा, खऱ्या गाडीची चाकं लेथवर घडवणाऱ्यांत हा वार्तानच होता!

डेल्बर्टकडे सगळ्या ग्रहांची, सगळ्या यानांची तिकिटं. या एकासाठी मात्र त्याने वार्तानचा उंबरठा झिजवला होता.

सोंगट्या मांडल्या गेल्या.

"तू मेलास की तुझी पोरगी ते विजेच्या बिलाच्या पाकिटाला चिकटवेल," डेल्बर्ट म्हणाला.

"चिकटवू दे. तुला नाही मिळायचं!"

पण आज घरभर खोकी बांधून ठेवलेली होती. वार्तान उद्या मुलीकडे बोस्टनला निघाला होता, कायमचा.

"बरं, देऊ नकोस. जाता जाता एकदा दाखव तरी."

वार्तानच्या हातातले फासे हातातच राहिले.

"नाहीये ते."

"म्हणजे?"

"विकलं. बायकोच्या आजारपणात. दलालामार्फत. कुणी घेतलं, देव जाणे. चार वर्षं झाली."

डेल्बर्टने कप खाली आपटला.

"आणि चार वर्षं मला झुलवत ठेवलंस?"

"खरं सांगितलं असतं तर तू आला असतास? माझी आनुश गेल्यावर या दारात दुसरं कोण येत होतं रे?" वार्तानचे डोळे भरून आले. "घाल शिव्या."

डेल्बर्टने घातल्या, अगदी पोटभर. मग दोघांनी उरलेले डोनट संपवले.

निघताना त्याने वार्तानला घट्ट मिठी मारली. "कुणी घेतलंय ते हुडकून काढू. दोघं मिळून. दर रविवारी फोन करतो, काय कळलं ते सांगायला."

"खरंच करशील?" वार्तानचा चेहरा खुलला.

"करणार म्हणजे करणार!"

घरी आल्याबरोबर डेल्बर्टने तिजोरीचं कुलूप ओढून पाहिलं. चार वर्षं ते तिकीट तिथेच होतं.