रूपरावांची साक्ष

"गाडीत काई खोट नाई, साहेब. हात माहा सुटला," रूपराव म्हणाले आणि कुबडीवर भार देऊन उभे राहिले.

पुण्याच्या कंपनीचे दोन साहेब लाल गाडीपाशी वाकले होते, ते सरळ झाले. कारखान्याचे मालक प्रभाकरराव चहाचा कप तोंडाशी नेता नेता थांबले.

ती गाडी त्यांनी विकायला बांधलीच नव्हती. तशी एकच होती आणि एकच राहणार होती. इंजिन नागपूरच्या भंगारातल्या एका विलायती मोटारीचं. पण स्टेरिंग, ब्रेक, स्प्रिंगा, गिअर सगळं हिंगणघाटच्या याच टिनाच्या शेडमध्ये घडलेलं. कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या मशीनचे सुटे भाग करता करता प्रभाकररावांना मोटारींचे भाग करायचे होते. साल चौऱ्याऐंशी. पुण्या-मुंबईचे लोक हसून विचारत, हिंगणघाटात काय बनतं? त्यांना दाखवायला ही गाडी. हिच्या वेगात आपला माल टिकला, तर कुठेही टिकेल. गावातली माणसं तिला विमान म्हणत.

ते विमान चालवायला अल्लीपूरच्या रूपरावांशिवाय दुसरं नाव कोणाच्या तोंडी आलं नाही. कापसाच्या गाठींचा ट्रक घेऊन ते पार मुंबईपर्यंत जात. घाटात रूपरावांचा ट्रक पुढे दिसला, की मागचे ड्रायव्हर निश्चिंत होत.

दिवाळीनंतर चाचणी झाली. अल्लीपूरच्या रस्त्यावर, नाल्याच्या वळणाशी गाडी रस्ता सोडून कापसाच्या पऱ्हाटीत घुसली आणि कलंडली. मागून जीपने येणारे प्रभाकरराव पोहोचले, तेव्हा रूपराव बेशुद्ध होते. लोकांनी त्यांना उचलून जीपमध्ये घातलं. प्रभाकरराव गाडीखाली वाकले. स्टेरिंगचा रॉड मधोमध तुटला होता.

त्यांना नवल वाटलं नाही. त्याच खेपेचा दुसरा रॉड सकाळी ऐरणीवर एका घावात मोडला होता. पोलादाला पाणी जास्त चढलं होतं, ते ठिसूळ झालं होतं. नवीन रॉड घडवता आला असता. चाचणी उद्यावर गेली असती, इतकंच. पण नागपूरचे पेपरवाले येऊन बसले होते.

"काय झालं हो?" त्यांच्यातल्या एकाने धावत येऊन विचारलं.

"हात सुटला असेल त्याचा," प्रभाकररावांच्या तोंडून निघून गेलं.

दुसऱ्या दिवशी पेपरात तेच छापून आलं. फक्त 'असेल' गाळून.

सेवाग्रामच्या दवाखान्यात प्रभाकरराव रोज जात. संत्री नेत. रूपरावांची बायको विमलाबाई त्यांना स्टूल पुसून देई. "सख्खा भाऊ नाई करत एवढं," असं शेजारच्या खाटेवाल्यांना सांगे. आज बोलून टाकायचं, असं रोज ठरवून ते जात. संत्री सोलत आणि परत येत. इकडे कारखान्यात गाडी पुन्हा उभी राहिली. या वेळी रॉड त्यांनी स्वतः घडवला, स्वतः तपासला. पोलाद चांगलं निघालं. मन काही थाऱ्यावर आलं नाही.

आज पुण्याच्या साहेबांनी आल्या आल्या अपघाताचंच विचारलं होतं. प्रभाकरराव उत्तर जुळवत असतानाच विमलाबाईच्या आधाराने रूपराव दारातून आत आले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं.

"माह्यामुळे भाऊची ऑर्डर अडून राह्यली, असं कानावर आलं. म्हून आलो," ते साहेबांना सांगत होते. "सारी जिंदगी स्टेरिंगवर गेली माही. पण त्या दिवशी काय झालं, मले आठोतच नाई. हात सुटला म्हनतात सारे. तं सुटलाच असन. मी ट्रक पुतण्याले देऊन टाकला, साहेब. आता त्याच्या बाजूले बसाचीबी हिंमत होत नाई."

विमलाबाई भिंतीकडे तोंड करून उभी होती.

"झालं तर मग," मोठे साहेब म्हणाले. "आमची शंका फिटली." ऑर्डरचे कागद काढायला त्यांनी बॅग उघडली.

"थांबा," प्रभाकरराव म्हणाले.

ते मागच्या खोलीत गेले आणि तुटक्या रॉडचे दोन तुकडे घेऊन आले. साहेबांच्या हातात देताना ते तुकडे एकमेकांवर वाजले.

"हा रॉड तुटला होता. ठिसूळ आहे, हे मला सकाळीच माहीत होतं. तरी मी तो बसवला. आणि नाव यांचं घेतलं."

मोठ्या साहेबांनी तुकडा खिडकीपाशी नेला. तुटल्या जागेवरून अंगठा फिरवला, दुसऱ्याला दाखवला. बॅग बंद झाली. "आम्ही कळवतो," ते म्हणाले. पुण्याहून आता काही येणार नाही, हे शेडमधल्या प्रत्येकाला कळलं. बाहेर साहेबांची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, दूर गेला.

प्रभाकरराव रूपरावांसमोर येऊन उभे राहिले. "मार मले, रूपराव. नाहीतर पोलिसात चाल. मी येतो."

विमलाबाई वळली. "आन् तुम्ही आमाले संत्री चारत होते!"

रूपरावांनी हातानेच तिला थांबवलं. कुबडी काखेतून निसटून फरशीवर पडली, तिच्याकडे त्यांचं लक्षही गेलं नाही. लाल गाडीच्या टपाला टेकून ते आपल्या दोन्ही तळहातांकडे पाहत राहिले. मग त्यांनी मान वर केली. डोळे भरून आले होते, पण त्यात राग नव्हता.

"म्हंजे भाऊ," त्यांनी हळूच विचारलं, "मले अजून गाडी चालवता येते?"