दोन वेत

तोंडी परीक्षेत नापास झाल्याचं कळलं, तशी घरी निघालेली अरिबा द्वारका चौकातूनच माघारी कॉलेजात आली. तिच्यासोबतच तोंडी दिलेली मैत्रीण अदिबाही आली. अरिबाचं अख्खं वर्ष जाणार होतं.

तोंडी घेणारे वनस्पतिशास्त्राचे सर चिडलेच. टेबलावरचे दोन सुके वेत पुढे सरकवून म्हणाले, "दोन्हींच्या फळांतून लाल राळ निघते म्हणून काय वेत एकच झाला? याचे काटे ओळीत आहेत, त्याचे विखुरलेले. फळं वेगळी. जरा डोळे उघडून बघत जा गं."

"सर, दोन्ही वेगळे आहेत, हेच मी सांगितलं होतं," अरिबा म्हणाली.

"एकच आहे असं मी म्हणाले होते, सर," मागून अदिबा पुटपुटली.

सरांनी दोघींच्या सारख्याच स्कार्फकडे पाहिलं.

"आता तुमच्यातली कोणती कोण, हे मी कसं ओळखणार?"